एका ‘ऱ्या’साठी सात दिवस

शनिवार, १५ मार्च २०२५

परभणीला पहाटेची मराठवाडा एक्स्प्रेस धरली तेव्हा कानामागचा धुळवडीचा रंग अजून निघाला नव्हता. समोरच्या बाकावर दवाखान्याला निघालेलं एक कुटुंब होतं. त्यातल्या आजोबांनी मानवत रोड यायच्या आत माझं नाव-गाव काढून घेतलं आणि विचारलं, “मग कुठं निघालात?”

“संभाजीनगरला. इंटरनेटची सभा आहे.”

“कुणाची?”

“इंटरनेटची.”

आजोबांनी जरा विचार केला. “मालक येणारय का त्याचा?”

याचं उत्तर द्यायला मला सेलू ओलांडून परतूरपर्यंत लागलं. मालक नाही म्हटलं तर ते मानेनात. मालक नाही, पण नियम आहेत. नियम आहेत, पण ते करणाऱ्यांना निवडून कुणी दिलेलं नाही. आणि पाळले नाहीत तर पोलीस येत नाहीत, फक्त तुमचं यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी बोलू शकत नाही. शेवटी आजोबा म्हणाले, “म्हणजे गावकीसारखं.” मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

खरं तर सभा संभाजीनगरला नव्हतीच. ती होती बँकॉकला. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, म्हणजे आयईटीएफ, हिची ही १२२वी बैठक, १५ ते २१ मार्च. वर्षातून तीनदा जगातल्या कुठल्यातरी शहरात ही मंडळी जमतात. पहिल्यांदा जमली जानेवारी १९८६ मध्ये सॅन डिएगोला, तेव्हा एकवीस जण होते. आपण वेबपान उघडतो, मेल पाठवतो, त्यामागची बहुतेक बोलीभाषा इथं ठरते. सभासदत्व हा प्रकारच नाही. जो येईल आणि बोलेल तो आपला. जाता येत नसेल तर घरबसल्या जोडता येतं, आणि त्याचे पैसे झेपत नसतील तर सूट मागता येते. आम्ही मागितली, मिळाली.

आम्ही म्हणजे सात जण. आमचे निवृत्त सर, ज्यांनी आम्हाला कधीकाळी नेटवर्क शिकवलं. एम. टेक. करणारी एक ताई. अंबाजोगाईजवळ गावोगाव केबल आणि नेट पुरवणारे दादा. मी परभणीत संगणकाचं दुकान चालवतो, वेबसाइट करून देतो. उरलेले तिघे सरांचे आत्ताचे विद्यार्थी. सरांच्या भाच्याच्या क्लासची वरची खोली मिळाली होती. दहावीचे पेपर संपत आलेले, त्यामुळं बाक रिकामे आणि फळ्यावर अजून प्रमेयं.

प्रत्येकाचं आपापलं कारण होतं. माझं कारण होता एक ‘ऱ्या’.

जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला वेबसाइट हवी होती आणि तिचा पत्ता मराठीत हवा होता. ‘.भारत’ हे देवनागरी नाव २०१४ पासून मिळतं, मराठीलाही चालतं. अध्यक्ष काकांनी नाव आधीच ठरवलेलं: ‘शेतकऱ्यांची’. एवढंच. बाकी काही नको. मी हो म्हणालो आणि घरी येऊन ते टाइप केलं. दुकानातल्या संगणकावर एकदा, मोबाईलवर एकदा, जुन्या डीटीपीच्या फायलीतून बदलून घेतलेलं एकदा. डोळ्यांना तिन्ही सारखे. संगणक म्हणाला, यातले दोन एक आहेत, तिसरा वेगळा.

पहिला दिवस हॅकॅथॉनचा. बँकॉकला लोक टेबलं मांडून बसलेले. प्रत्येक टेबलावर एकेका प्रस्तावाचा कोड प्रत्यक्ष चालतो का ते पाहणं सुरू. आमचं टेबल कुणाच्या यादीत नव्हतं. पण ताई म्हणाली, “आपणही काहीतरी चालवून बघू ना,” आणि आम्ही तो ‘ऱ्या’ उघडून बसलो.

रविवार, १६ मार्च

मुक्काम सिडकोत मावशीकडं. आज तुकाराम बीज म्हणून ती कीर्तनाला निघालेली, आणि आज नळाला पाणी येणार म्हणून मला बजावून गेली: “टाकी भरल्याशिवाय हलू नकोस.” या शहरात नेट चोवीस तास असतं आणि पाण्याला वार असतो. मी टाकीवर बसून लॅपटॉप उघडला.

‘ऱ्या’चं दुखणं असं आहे. आपण ‘दर्या’ लिहितो तेव्हा र डोक्यावर जाऊन रफार होतो. ‘दऱ्या’ लिहितो तेव्हा तोच र आडवा पडतो. समुद्र वेगळा, डोंगरातल्या दऱ्या वेगळ्या; मराठीत हा फरक जीवनमरणाचा आहे. हिंदीचं या आडव्या र वाचून काही अडत नाही, म्हणून देवनागरीची चर्चा होते तेव्हा तो कोपऱ्यात पडतो. (पाहा, ‘कोपऱ्यात’ लिहितानाही तो आलाच.) युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांच्या सामाईक अक्षरयादीत, तो दोन वाटांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी जुनी वाट: साधा र, हलन्त, आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. पहिल्या वाटेनं ‘शेतकऱ्यांची’ या शब्दात अकरा चिन्हं भरतात, दुसऱ्या वाटेनं बारा. छापून काढा, भिंगानं बघा, फरक सापडणार नाही.

आता इंटरनेटच्या पत्त्यांची जी मूळ वही आहे, डीएनएस, तिला हा मामला मुळात कळत नाही. देवनागरी नाव तिच्यापर्यंत जाताना ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या माळेत बदलतं. ही युक्ती २००३ सालच्या आरएफसी ३४९२ ची, नाव प्युनीकोड. (इंटरनेटचे नियम ज्या क्रमांक घातलेल्या दस्तावेजांत छापतात, ते आरएफसी.) अकरा चिन्हांची एक माळ होते, बाराची दुसरी. म्हणजे वहीत दोन वेगळी घरं. एक काकांच्या कंपनीचं, दुसरं कुणाचंही.

ते न दिसणारं चिन्ह सरळ बंद का केलं नाही, हा माझा पहिला रागाचा प्रश्न. ताईनं आरएफसी ५८९२ उघडून दाखवला. २०१० साली नियम लिहिणाऱ्यांनी यावर विचार केलेला होता. चिन्ह कुठंही चालणार नाही, फक्त हलन्तानंतर चालेल. कारण काही लिपींत त्यावाचून शब्द नीट लिहिताच येत नाही. कुण्या गोऱ्या साहेबाला आपली लिपी कळली नाही, असं समजून मी आलो होतो; तिथं तर कुणीतरी हलन्तापर्यंत जाऊन पोहोचलं होतं. राग काढायला जागा उरली नाही. पुढचं काम नावं देणाऱ्या संस्थांवर सोडलेलं: आपल्या लिपीचे जुळे ओळखा आणि एक दिलं की दुसरं अडवून ठेवा. असे नियम यंत्राला वाचता येतील अशा पद्धतीनं कसे लिहायचे, याचाही एक आरएफसी आहे, ७९४०, सन २०१६.

टाकी भरून वाहायला लागली तेव्हा भानावर आलो. मावशी आल्यावर ओल्या गच्चीकडं नुसती बघत राहिली.

संध्याकाळी चार चार मिनिटांची भाषणं ऐकली. ज्याच्या डोक्यात नवी कल्पना आहे त्यानं उठावं, सांगावं, आणि ‘कुणाला रस असेल तर मला गाठा’ म्हणून बसावं. मला हा भाग फार आवडला. लग्नातल्या ओळखपाळखीसारखा, ठरत काहीच नाही, पण पुढचं सगळं इथूनच निघतं.

सोमवार, १७ मार्च

बँकॉक आपल्यापुढं दीड तास. त्यामुळं आठच्या आत बाकांवर. दादा अंबाजोगाईहून रात्रीच्या गाडीनं आलेले, डोळे लाल.

प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एक पाटी दाखवतात: इथं जे बोलाल ते आमच्या नियमांखाली येईल; त्यावर तुमचं पेटंट असेल तर सांगावं लागेल; नीट वागा. दिवसात चार वेळा तीच पाटी. सर म्हणाले, “सत्यनारायणाच्या आधी संकल्प सोडतात ना, तसं समजा.”

मग मतभेद झाला की काय करतात ते सरांनी समजावलं. मतदान घेत नाहीत. १९९२ साली इंटरनेट घडवणाऱ्यांपैकी एक, डेव्हिड क्लार्क, म्हणून गेले ते इथं सुभाषितासारखं चालतं: राजे, अध्यक्ष आणि मतदान आम्हाला नको; ढोबळ सहमती आणि चालणारा कोड हवा. पूर्वापार रीत अशी की अध्यक्ष विचारतात, “ज्यांना पटतं त्यांनी गुणगुणा,” आणि खोली हूंऽऽ करते. मग उलट बाजूचं विचारतात. आवाजाच्या वजनावरून अंदाज. कोण हूं म्हणालं ते दिसत नाही, त्यामुळं साहेबाच्या तोंडाकडं बघून कुणी म्हणत नाही. लांबून जोडलेल्यांचा हुंकार पोहोचणार कसा, म्हणून आता पडद्यावर हात वर करायचं बटण असतं.

आमच्याकडं गोष्ट सांगताना समोरच्यानं हुंकारा द्यायचा असतो. आजी दर दोन वाक्यांनी थांबायची. हूं आलं नाही तर गोष्ट पुढं जात नसे. मला तेच आठवलं.

पण सरांनी पुढं जे वाचून दाखवलं ते हुंकारापेक्षा भारी होतं. आरएफसी ७२८२, पीट रेझ्निक यांनी २०१४ मध्ये लिहिलेला. त्यात म्हटलंय की शंभर जण बाजूनं आणि पाच विरोधात असले तरी सहमती झाली असं होत नाही. त्या पाचांचा आक्षेप खरा असेल आणि त्याला उत्तर दिलं नसेल तर सहमती नाहीच. आणि उलटही खरं: शंभर विरोधात असूनही सहमती असू शकते, त्यांच्या आक्षेपांना नीट उत्तर दिलं गेलं असेल तर. डोकी मोजायची नाहीत, आक्षेप मोजायचे.

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या ग्रामसभेत ठराव आधी लिहितेत आन् सह्या घरोघर फिरून घेतेत. आक्षेप कोण लिहायलंय?”

दुपारी ताईनं ‘मस्ट’ आणि ‘शुड’ काढलं. या दस्तावेजांत हे शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत आले की त्यांना पक्का अर्थ असतो. १९९७ च्या आरएफसी २११९ नं तो ठरवून दिलाय. लहान अक्षरांत आले तर नेहमीचा मोघम अर्थ. आपण हे मराठीत कसं करणार, आपल्याला मोठी लिपी कुठंय, यावर अर्धा तास गेला. शेवटी सर म्हणाले, “आपल्याला ‘च’ आहे.” पाहिजेच, पाहिजे, चाललं तर चालेल. एक अक्षर लावलं की सूट संपली. मला वाटतं त्या दिवशीचा सगळ्यात कामाचा प्रस्ताव तोच होता, आणि तो बँकॉकला कुणाला कळला नाही.

मंगळवार, १८ मार्च

आजचा दिवस दादांचा.

त्यांचं गाऱ्हाणं साधं आहे. “गिऱ्हाईक म्हणतंय, शेतातला क्यामेरा मोबाईलवर दिसंना. काय सांगू त्याला?” नेटवरच्या यंत्रांना आकडी पत्ते लागतात; जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते जगात सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा साठा २०११ च्या एप्रिलमध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला. तेव्हा मोठ्यांनी भरून ठेवले होते. दादांनी धंदा सुरू केला तेव्हा पंगत उठलेली. मग दोनशे घरांना बाहेर दिसणारा एकच पत्ता आणि आत वाटायला १००.६४ नं सुरू होणारे पत्ते, जे २०१२ साली खास याच अडचणीसाठी राखून ठेवले गेले. वाड्याला दार एकच, आत दोनशे बिऱ्हाडं. आतून बाहेर जाता येतं; बाहेरून कुणी आलं तर कुणाकडं आलं ते दरवाजाला कळत नाही. क्यामेरा दिसत नाही तो यामुळं.

उपाय आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. पत्ते इतके की दादांच्या प्रत्येक गिऱ्हाईकाच्या प्रत्येक मोटारीला वेगळा देता येईल. भारतात मोबाईलवर ते इतकं पसरलंय की जगात आपण वरच्या रांगेत आहोत. म्हणजे दादांच्या खिशातला फोन नव्या जगात आणि त्यांनीच ओढलेली वायर जुन्या. कारण घराघरात बसवलेले स्वस्तातले राउटर; त्यातल्या अर्ध्यांना आयपीव्ही६ धड येत नाही आणि बदलायचे पैसे कोण देणार?

आयपीव्ही६ प्रत्यक्ष चालवणाऱ्यांच्या गटाची बैठक लागली तेव्हा आम्ही दादांना म्हटलं, बोला. ते आधी नको नको म्हणाले, मग शर्टाची कॉलर नीट केली. ताई इंग्रजीत सांगणार, दादा शेजारी बसणार. रांगेत आमचं नाव लागलं. पुढं तिघे. मग दोघे. आणि लाईट गेली.

पंखा इन्व्हर्टरवर होता, फिरत राहिला. राउटर नव्हता. मोबाईलवरून जोडेपर्यंत अध्यक्षांनी रांग बंद केलेली. दादा हसले, म्हणाले, “राहू द्या, सवय आहे.” मला हसू आलं नाही. ताईनं तीन ओळी चॅटमध्ये टाकल्या. पलीकडून कुणीतरी दोन मिनिटांत उत्तर दिलं: राउटरचं मॉडेल कुठलं ते गटाच्या टपालयादीवर (मेलिंग लिस्टवर) लिहा, असे अनुभव आम्हाला हवेच असतात. दादांनी ते उत्तर भाषांतर करून तीनदा ऐकलं. अंगठा उठवलेलं चित्र कुठं टाकायचं तेही विचारलं.

घरबसल्या हजर राहण्यातलं मुख्य दुःख मात्र वेगळंच. बैठक संपली की पडदा काळा होतो. बँकॉकचे लोक तेव्हा बिस्किटांच्या टेबलाशी जातात आणि भांडण तिथं मिटवतात. आयईटीएफची बिस्किटं प्रसिद्ध आहेत. आम्ही आमचा व्हरांडा केला: क्लासच्या खालची चहाची टपरी आणि मावशीनं दिलेल्या उरलेल्या पुरणपोळ्या. वाईट नव्हता.

बुधवार, १९ मार्च

रंगपंचमी. बैठका चालू, खाली पिचकाऱ्या चालू. तिघे विद्यार्थी अकरा वाजता पाणी आणतो म्हणून गेले ते चारला निळे होऊन आले.

दुपारनंतर सगळ्यांची मोठी सभा. हिशेब मांडतात, कामकाज सांगतात, मग खुला माइक. कुणीही पुढाऱ्यांना उभं करून विचारावं. पैशांचा भाग लांबला. मी थोडा वेळ झोपलो.

गुरुवार, २० मार्च

आज बँकॉकला दांडी. नाथषष्ठी होती, आणि संभाजीनगरात असून पैठणला न जाणं मावशीनं मान्य केलं नसतं. सर म्हणाले, “मुख्य सभा सोडून बाजूच्या कार्यक्रमाला जातात ते खरे आयईटीएफवाले.”

बिडकीनच्या पुढं रस्ता दिंड्यांचा. पैठणमध्ये गाडी लांब लावून चालत. ‘भानुदास एकनाथ’चा गजर, गोदाकाठी तंबू, भोंग्यावरून हरवलेल्यांची नावं. मोबाईलला पाचही दांड्या आणि एक संदेश जाईना. एवढ्या माणसांना टॉवर कुठून पुरणार. मावशी हरवू नये म्हणून तिच्या पदराला मी माझा रुमाल बांधला. नेटवर्कची तीच एक जोडणी दिवसभर टिकली.

समाधीच्या रांगेत दोन तास. सरांना रांगेत बोलायला आवडतं. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणाले. त्यानंतर तीनशे वर्षं लोक हातानं नकला करत राहिले. कुणाची ओळ गळली, कुणी शब्द सोपा केला, कुणी आपलीच ओवी घुसडली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. आणि शेवटी ताकीद लिहिली की यात जो आपली मऱ्हाटी ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा.

ताई म्हणाली, “हे तर आरएफसीसारखं झालं.” खरंच होतं. पहिला आरएफसी स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ ला काढला; जॉन पोस्टेल यांनी १९९८ मध्ये वारेपर्यंत ती मालिका संपादली. आजही नियम तोच: एकदा छापला की त्यात काना-मात्रा बदलायचा नाही. चूक सापडली तर शुद्धिपत्र वेगळं, विचार बदलला तर नवा क्रमांक.

माझं लक्ष मात्र भलतीकडं होतं. मऱ्हाटी. नाथांच्या त्या ओवीतच तो आडवा र बसलाय. ती ओवी आज कुणी मोबाईलवर लिहिली तर अकरा-बाराचा तोच घोळ तिथंही होणार, आणि शोधणाऱ्याला निम्म्या वेळा ती सापडणारही नाही. चारशे वर्षांपूर्वी ज्यानं पाठभेद मिटवले त्याच्याच ओळीत नवा पाठभेद, तोही डोळ्यांना न दिसणारा. मी हे सरांना सांगेपर्यंत रांग हलली आणि समोर समाधी आली. मावशीनं मान खाली दाबली. “आता तरी गप बस.”

शुक्रवार, २१ मार्च

सकाळची शेवटची बैठक ऐकून दुपारची तपोवन धरली. निघताना दादांनी आपल्या राउटरचं मॉडेल, किती घरं, कुठं अडतं, सगळं मराठीत दोन पानं लिहून ताईच्या हातात दिलं. ती इंग्रजी करून टपालयादीवर टाकणार. माझ्याकडंही एक मसुदा होता: ‘ऱ्या’चे जुळे, कुठल्या कीबोर्डवरून कुठला निघतो त्याचा तक्ता, सातजणांच्या मोबाईलवर तपासलेला. तो मी नाव देणाऱ्यांना पाठवणार आहे. आयईटीएफला नाही, त्यांचं काम त्यांनी २०१० लाच केलंय.

जालना सोडल्यावर अध्यक्ष काकांना फोन लावला. परतूरच्या आधी रेंज जाते, म्हणून घाईनं सांगितलं: काका, नाव मिळेल, पण ते ऱ वालं अकरा चिन्हांचंच घेऊ, आणि जुळं कुणाला देता का ते आधी विचारून घेतो. तोवर कुठं छापू नका.

“छापत नाही हो,” काका म्हणाले. “फक्त बोर्ड रंगवून घेतलाय. फोटो टाकलाय बघा.”

फोटो सेलूला उघडला. हिरव्या पाट्यावर पिवळी ठसठशीत अक्षरं, कडेला तुरीच्या शेंगा. पेंटरनं र उचलून रफार करून ‘या’च्या डोक्यावर बसवला होता.